चित्त्याचे पाय

नव्वदच्या दशकात मी दुबईच्या बर दुबई भागातल्या एका फोटो स्टुडिओत कामाला होतो. आपल्या मराठी मंडळींत माझं नाव होतं ते स्थळासाठी गावी पाठवायच्या फोटोंमुळे. डोळा तिरळा असो, गालावर कोड असो, मी मान अशी वळवायचो की बघणारा पुढची बोलणी करायलाच बसायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हाच आमचा धंदा. आणि मला त्याचा माज होता, खोटं कशाला सांगू.

म्हणूनच एका बड्या व्यापाऱ्याने मला त्याच्या व्हिलात बोलावलं. त्याने चित्त्याचा बछडा पाळला होता. स्वतः बहुतेक वेळ परदेशात असायचा, म्हणून दर महिन्याला मी बछड्याचे फोटो काढायचे आणि ते कुरिअरने त्याला जायचे. पहिल्याच दिवशी ते पोर माझ्या कॅमेऱ्याचा पट्टा चोखत मांडीवर झोपून गेलं. जीभ किसणीसारखी खरखरीत. मी पार विरघळलो.

त्याला सांभाळायला पेशावरकडचे एक म्हातारे पठाण होते, मी त्यांना चाचा म्हणायचो. हाड घशात अडकेल म्हणून बछड्याला नुसती बिनहाडाची कोंबडी द्यायची, असं मालकाचं फर्मान होतं. हाडांतलं कॅल्शियम पोटात न गेल्याने चारपाच महिन्यांत त्याचे पुढचे पाय धनुकलीसारखे वाकले. चाचांनी फोनवर सांगितलं, तर मालक म्हणाला, फोटोत तर झकास दिसतोय. मालकाच्या हुकमाशिवाय डॉक्टर आत येत नव्हता.

चाचा मला म्हणाले, "भाई, इस बार पैर का फोटो लो. हमारी नहीं सुनता, फोटो देखेगा तो डॉक्टर भेजेगा."

मी हो म्हणालो. आणि काय केलं? सवयीने बछड्यापुढे मखमली लोड सरकवला आणि पाय झाकून सुंदर फोटो काढला. हात आपोआप गेले हो. घरी माझ्या आठ वर्षांच्या लेकीने तो बघितला आणि विचारलं, "बाबा, व्हाय इज ही ऑल्वेज सिटिंग?" मी तिच्यावर खेकसलो.

पुढच्या वेळी मी लोड बाजूला केला. चाचांनी त्याला उभं केलं. दोन पावलं टाकून तो बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात मी पायांचा फोटो घेतला. चाचांनी माझा हात धरला, म्हणाले, आता इन्शाल्ला काम होईल.

अल क्वोजच्या लॅबमधून प्रिंट आल्या. पायांचा फोटो भयानक होता, म्हणजे अगदी खरा होता. पाकिटात घालताना माझा हात अडकला. असला फोटो माझ्या हातचा म्हणून जाणार? मनाशी म्हटलं, पुढच्या महिन्यात जरा बऱ्या उजेडात काढू. चेहऱ्याचे चार पाठवले आणि तो घरच्या ड्रॉवरमध्ये टाकला.

पुढच्या महिन्यात गेलो तर बछड्याचा पिंजरा उघडा आणि रिकामा होता. चाचांनी सांगितलं, आदल्या आठवड्यात उडी मारताना त्याचे पुढचे दोन्ही पाय मोडले. तेव्हा कुठे डॉक्टर आला, आणि त्याने इंजेक्शन देऊन बछड्याला कायमचं निजवलं. चाचांनी त्याचा एक फोटो मागितला. मी घरी जाऊन ड्रॉवरमधला तोच घेऊन आलो. का, ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित कबुली द्यायची होती.

त्यांनी तो बराच वेळ बघितला. "ये भेजा था ना?"

मी हो म्हणालो.

"मतलब मालिक ने देखा था, फिर भी डॉक्टर नहीं भेजा," चाचा म्हणाले, आणि मालकाच्या नावाने पश्तूत काहीतरी शिव्या पुटपुटले. रडतच होते ते. मग फोटो खिशात ठेवून, मी उन्हातून आलोय म्हणून माझ्यासाठी चहा करायला गेले.