उजव्या पायाचं माप

खेळाच्या सामानाच्या त्या दुकानात वरच्या मजल्यावर गुडघ्यांचा विभाग होता, आणि तिथे जी बाई बसायची तिला सगळे कात्री म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. तिला ते माहीत होतं आणि तिची काही हरकत नव्हती. उलट मनातून थोडं बरं वाटायचं. खरं सांगायचं तर बाई दुष्ट होती. वेळप्रसंगी दुष्ट होणारी माणसं असतात, तशी नव्हे; सकाळी दुकान उघडल्यापासून दुष्ट.

खोलीत एक उंच स्टूल, गळ्यात टाकलेली मापाची टेप, खिडकीपाशी लोखंडी चौकटीवर बसवलेलं मोटरसायकलचं जुनं सीट आणि तीन कपाटं भरून पट्टे. पळणाऱ्यांसाठी नुसते ताणणारे, मोज्यासारखे. बॅडमिंटन, फुटबॉलवाल्यांसाठी दोन्ही बाजूंना पट्ट्या शिवलेले. आणि सगळ्यात वरच्या फळीवर मोटोक्रॉसचे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल उडवणाऱ्यांचे, कडक ब्रेस, मांडीपासून नडगीपर्यंत सांगाडा आणि गुडघ्याच्या दोन्ही अंगांना बिजागऱ्या. ते पँटच्या आत घालायचे आणि खालचं टोक बुटात गेलं पाहिजे, म्हणून ती गिऱ्हाइकाला स्वतःचे बूट घेऊन यायला लावायची. बूट विसरून आलेल्याला जिन्यावरूनच परत पाठवायची.

एकदा एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी मोटोक्रॉस शिकत होती आणि वडिलांच्या हातात पळणाऱ्यांचा मऊ पट्टा होता, कारण तो स्वस्त होता.

"हा चालेल ना?" त्यांनी विचारलं.

"चालेल की," कात्री म्हणाली. "गुडघा छान ऊबदार राहील. मोडेल तेव्हा गरम गरम मोडेल."

गृहस्थांचा चेहरा पडला. मुकाट्याने त्यांनी वरच्या फळीवरचा ब्रेस घेतला. मालक खाली गल्ल्यावर बसून हे सगळं ऐकायचा आणि कपाळाला हात लावायचा, पण तिला काढायची त्याची छाती नव्हती. लोक बोलणी खायचे आणि तरी तिच्याकडेच यायचे. तिने दिलेला ब्रेस घसरत नसे. गिऱ्हाईक जेवढं घाबरेल तेवढी योग्य वस्तू घेतं, हे तिने फार पूर्वी ओळखलं होतं आणि माणसाला वळण लावायचा दुसरा कुठलाही रस्ता तिने कधी शोधला नाही.

घरीही हेच. आईवडील लवकर गेले तेव्हा धाकटा भाऊ सात वर्षांचा होता. त्याला तिने वाढवलं, आणि कसं वाढवलं म्हणाल तर तासून तासून. अंथरूण ओलं केलं की गादी खिडकीत वाळत घालायची आणि त्याला खाली अंगणात खेळायला पाठवायची, म्हणजे इतर पोरांनी वर बघून ओळखावं. अंथरूण ओलं होणं थांबलं. गणितात नापास झाला तेव्हा पाहुण्यांसमोर त्यालाच उत्तरपत्रिका वाचायला लावली. पुढच्या वर्षी पास झाला. प्रत्येक वेळी औषध लागू पडलं. त्या पोराच्या पोटात काय साचत होतं ते विचारायची तिला गरज वाटली नाही. त्याला दूध मिळत होतं, चांगले कपडे मिळत होते, आजारपणात ती उशाशी बसत होती. ती त्याच्यावर जीव टाकत होती, यात शंका घ्यायला जागा नाही. तेच तर वाईट.

पोरगा मोठा झाला आणि मोटोक्रॉसच्या नादी लागला. ते मात्र तिला जमेना. ओरडून झालं, अबोला धरून झाला, गाडीची किल्ली लपवून झाली. मग गेल्या वर्षी तो एका उडीवरून पडला आणि उजव्या गुडघ्याचा आतला बंध तुटला. ऑपरेशन झालं. तिने रजा काढून त्याचं सगळं केलं आणि मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला. आता हा सुटला गाडीतून.

तो सुटला नव्हता. एका टायर कंपनीच्या संघाची निवड चाचणी जाहीर झाली आणि शनिवारी दुपारी, ऐन गर्दीत, तो तीन मित्रांना घेऊन जिना चढून आला. हातात बूट.

"ताई, ब्रेस पाहिजे. जोडी."

खोलीत आणखी चार-पाच गिऱ्हाइकं होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हा घरी का बोलला नाही, ते तिच्या लगेच लक्षात आलं. मित्रांसमोर ती नाही म्हणणार नाही, असा त्याचा हिशेब होता. आपल्या बहिणीला तो पंचवीस वर्षांत ओळखू शकला नव्हता.

"पँट काढ. स्टुलावर उभा राहा."

आत चड्डी होती, पण तो घुटमळला. ऑपरेशननंतर त्याने तो पाय कुणाला दाखवला नव्हता. घरातसुद्धा पायजमा घालून वावरायचा. "नुसती वर केली तर नाही का चालणार?" त्याने हळूच विचारलं.

"इथे सगळे काढतात. तू कोण लागून गेलास?"

तो चढला. डावी मांडी भरलेली, घट्ट. उजवी वाळलेली, गुडघ्याची वाटी तेवढी मोठी दिसत होती आणि वर मांस असं नव्हतंच. मित्रांनी नजर दुसरीकडे वळवली. तेवढी माणुसकी त्या टवाळ पोरांना होती. कात्रीने वाटीच्या मध्यावर पेनाने खूण केली, वर वीतभर मोजून टेप गुंडाळली, आधी डावीकडे आणि मग उजवीकडे. चार सेंटीमीटरचा फरक होता. अशा पायासाठी काय करायचं ते तिच्याइतकं कुणाला माहीत? उजवीकडे एक माप लहान, आतून जाड गादी, बिजागरी बरोबर वाटीच्या रेषेत, आणि दोन महिन्यांनी मांडी भरली की पुन्हा माप. पाच मिनिटांचं काम होतं.

तिने टेप गळ्यात टाकली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"या पायाला ब्रेस नाही बसणार. छत्रीच्या दांडीला कुठला ब्रेस बसतो? बघा रे, नीट बघा तुमच्या शूरवीराला. हे पाय घेऊन कंपनीच्या संघात निघालाय. कंपनीला सांगा, बुजगावणं पाहिजे असेल तर आमच्याकडे आहे एक."

खिडकीपाशी कुणीतरी फिस्कन हसलं. मग एक मित्रही हसला; हसू आलं म्हणून नव्हे, काय करावं ते कळेना म्हणून. स्टुलावर उभा असलेला भाऊसुद्धा हसला. तिला वाटलं, हा हसतोय म्हणजे वरमलाय. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, लहानपणी गादी वाळत घातल्यावर व्हायच्या तशाच, आणि ते पाहून तिला समाधान वाटलं. तो उतरला, पँट चढवली, बूट उचलले आणि "बरं ताई" म्हणून गेला.

त्यानंतर त्याने घरात गाडीचं नावही काढलं नाही. वेळेवर जेवायचा, विचारलं तेवढं उत्तर द्यायचा. "लागू पडलं," तिने मालकाला सांगितलं. "लाज वाटल्याशिवाय माणूस सुधारत नाही." मालक बरं म्हणाला. तिच्याशी वाद घालायची सवय त्याने सोडली होती.

दीड महिन्याने तोच हसलेला मित्र धापा टाकत जिना चढून आला. कपड्यांवर ट्रॅकची माती होती. "ताई, चला," एवढंच म्हणाला. रिक्षात बसल्यावर कळलं की चाचणी आज होती, वळणावर त्याने उजवा पाय टेकवला आणि गुडघा उलट फिरला. किंकाळी एवढी मोठी होती की इतरांनी गाड्या बंद केल्या.

इस्पितळात त्याला आत नेलं होतं. बाहेरच्या बाकावर प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याचे कपडे आणि ब्रेसची जोडी ठेवली होती. तिने उजवा ब्रेस बाहेर काढला. चांगला ब्रेस होता, महागातला. पण मांडीचा पट्टा शेवटच्या टोकापर्यंत ओढलेला होता आणि आत दोन मोजे कोंबून दोऱ्याने टाचले होते. सांगाड्यावरची माती सांगत होती की तो पार खाली घसरून बुटावर टेकला होता. बिजागरी गुडघ्याशी नव्हती, नडगीवर होती. गुडघा वळला एकीकडे आणि हे लोखंड अडलं दुसरीकडे. वाचवायचं सोडून त्यानेच पाय पिळला. तिने दोन्ही ब्रेस उलटे करून आतले आकडे पाहिले. दोन्ही एकाच मापाचे होते.

"माप कुणी घेतलं?"

मित्र कपड्यांवरची माती झटकू लागला.

"मी विचारते, माप कुठल्या गाढवाने घेतलं?"

"दुकानदाराची चूक नाही, ताई," तो खाली बघत म्हणाला. "स्टेशनापलीकडचं दुकान. तो सारखा म्हणत होता दोन्ही पाय दाखवा. याने पँटचा डावाच पाय वर केला. म्हणाला, दोन्ही सारखेच आहेत. उजवीकडचं कापड घोट्याच्या वर जाऊ दिलं नाही. दुकानात आणखी माणसं होती ना."

"आणि तुम्ही काय केलंत? तुम्ही तर पाहिला होता पाय."

"आम्ही काय बोलणार?" तो म्हणाला. "तुमच्या दुकानात मी हसलो होतो. परत कुठल्या तोंडाने बोलणार?"

कात्रीने दोन्ही ब्रेस पुन्हा पिशवीत ठेवले.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं: गुडघा निखळला होता, नस दुखावली होती. पाय राहील, पण पाऊल वर उचललं जाईल याची खात्री नाही. गाडीचा तर विषयच नको. आत्ता मांडीपासून घोट्यापर्यंत लांब ब्रेस लागेल, चालायला शिकण्यासाठी, बहुधा कायमचा. माप घ्यायला त्यांचा माणूस येईल.

"मी घेते," ती म्हणाली. "माझं कामच आहे ते." टेप गळ्यातच होती. घाईत काढायची राहून गेली होती.

वॉर्डात आठ खाटा होत्या. तो खिडकीकडे तोंड करून पडला होता, पांघरूण छातीपर्यंत. तिने पडदा ओढून घेतला, नीट, फट राहणार नाही असा, आणि टेप हातात घेऊन खाटेशी उभी राहिली. तिला खूप बोलायचं होतं. माझं चुकलं म्हणायचं होतं, पण ते शब्द तिने कधी वापरले नव्हते आणि आत्ता शोधूनही सापडेनात. शेवटी तिने सवयीचंच वाक्य उच्चारलं. "पांघरूण काढ बघू."

त्याने दोन्ही मुठींत पांघरूण घट्ट धरलं.

"अरे, कुणी नाही इथे. मीच आहे."

"म्हणूनच," तो म्हणाला.

आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला काहीतरी करता आलं असतं. तेवढ्यात इस्पितळाचा मापवाला आला, जाडसर, चष्मा कपाळावर सरकवलेला. तिने टेप मागे घेतली आणि पडद्याबाहेर जाऊन उभी राहिली. आतून मापवाल्याचा आवाज आला, "होतं असं, दादा. ऑपरेशन झालं की पाय बारीकच दिसतो. भरतो हळूहळू. चला, घ्यायचं?"

ती हात घट्ट बांधून पडद्याबाहेर येरझारा घालत होती. वाटीचा मध्य धर, सुजेवर धरू नकोस, एवढं तरी सांगावं असं तिला वाटत होतं, आणि तिने ओठ मिटून धरले होते.

पडदा थोडा सरकला आणि मापवाल्याने डोकं बाहेर काढलं. त्याला अवघडल्यासारखं झालं होतं.

"बाई, राग मानू नका. तुम्ही इथे आहात तोवर तो पांघरूण सोडत नाही. तुमची पावलं ऐकू येतात म्हणतो. जरा जिना उतरून खाली जाता का?"

ती जिना उतरून खाली गेली.