वहिनीचा एक घंटा

वहिनीच्या चुलतबहिणीचं लग्न पनवेलला निघालं. पत्रिका हातात पडताच मी जाहीर करून टाकलं, की लग्न आटोपलं की दुसऱ्या दिवशी समुद्र. आमच्या आंधळगावच्या घरात तोवर कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता. दादाला राईस मिलमधून सुट्टी नव्हती आणि आई गाईला सोडून कुठे जात नाही. त्यामुळे निघणार होतो आम्ही चौघं: मी, वहिनी, तिची सहा वर्षांची मोठी आणि तीन वर्षांचा लहाना.

"पाणीच पाहाचं असन तं आपला तलाव काय वाईट हाय?" आई म्हणाली.

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. वहिनीला विचारलं, "तुला तिथं काय करायचंय?"

वहिनी लहान्याच्या तोंडात घास कोंबत होती. तिला वाटलं मी नेहमीसारखं काहीतरी चळवळीचं विचारतेय. मग म्हणाली, "मले बसाचं हाय. एक घंटा. नुसतं."

"बस, एवढंच?"

"लहाना झाल्यापासून एका बैठकीत जेवली नाई मी, बाई. तुमी पाहून तं राहिल्या."

मी खरंच पाहत होते. तिच्या समोर बसून, तिनेच वाढलेलं जेवत पाहत होते. बाईची विश्रांती हे बक्षीस नसून हक्क आहे, असं मी त्या आधीच्याच महिन्यात एका पत्रकात लिहिलं होतं आणि ते चौकात वाटलंही होतं. त्या रात्री ताट उचलताना मी शब्द दिला, की हा घंटा मी तुला मिळवून देणार.

वहिनी माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तरी नणंद म्हणून मला 'बाई' आणि 'तुमी' म्हणते. या रिवाजाविरुद्ध मी तिच्याशी अनेकदा भांडले. ती ऐकून घेते आणि म्हणते, "बराबर हाय बाई तुमचं."

आता, मला काही ठरवायचं म्हणजे आधी कागद लागतो. बाबा सभांना जायचे आणि येताना पिशवीभर पत्रकं आणायचे. मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. त्यामुळे माझ्या हातून साधी यादी होतच नाही. समुद्राच्या दिवसाचाही कागद झाला: वर उद्देश, मग कार्यक्रम, शेवटी मागण्या. तो मी चुलीशेजारी उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवला.

"ह्या मागण्या कोणापुढं ठेवाच्या बाई?" वहिनीनं विचारलं. "समुद्रापुढं का?"

"घरातल्या व्यवस्थेपुढे."

"अन् 'पावणेदहा ते दहा, मुक्त आनंद' म्हंजे काय? दहा वाजून एक मिन्टानं आनंद झाला तं?"

आई खोकल्यासारखं हसली. मोठी म्हणाली, "आत्या, मले वाळूत खड्डा कराचा हाय, तो कोणत्या नंबरवर हाय?" खड्डा कुठल्याच नंबरवर नव्हता. तो मी चौथ्या कलमात घातला.

मग माझ्या डोक्यात आलं, की एकदा तालीम करून पाहावी. आमच्या भागात लोकांना नाटकाचं वेड. तालमीशिवाय काही उभं राहत नाही. रविवारी सकाळी सतरंजी, बादली, डबा, टॉवेल, मुर्ऱ्याची म्हणजे चुरमुऱ्यांची थैली असा सगळा संसार घेऊन आम्ही तलावावर गेलो. वहिनीनं सतरंजी पाण्यापासून दोन हातांवर टाकली, म्हणजे लेकरं नजरेत राहतात आणि हात लांबवला की सगळं सापडतं. मी घड्याळ लावलं.

वहिनी अकरा मिनिटं बसली. तेवढ्यात पाच वेळा उठली.

घरी येऊन मी तावातावानं कारणांचा शोध घेतला. माझा संशय लहान्यावर होता.

"लहाना एकदा," वहिनी बोटं मोजत म्हणाली. "त्याले सू लागली होती."

"आणि मोठी?"

"ते कायले उठवन मले? ते खड्ड्यात होती."

"मग?"

वहिनी ओला टॉवेल दोरीवर टाकायला वळली. मोठीनं सांगितलं. "तू, आत्या. वहिनी, टॉवेल कुठं हाय. वहिनी, याची चड्डी कुठं हाय. वहिनी, झाकण उघडत नाई. वहिनी, हा रडून राहिला." तिनं माझा आवाज इतका हुबेहूब काढला की आईला दाराबाहेर जाऊन हसावं लागलं.

"जाऊ द्या ना," वहिनी म्हणाली. "पत्रकात लिहासारखं नाई हे."

पुढचे आठ दिवस मी कागद बाजूला ठेवला आणि घर शिकले. लहान्याची चड्डी कोणत्या घडीत असते, डब्याचं झाकण कोणत्या बाजूनं आधी उचलायचं, तो भूक लागल्यावर कसा रडतो आणि झोप आल्यावर कसा. बॅग मीच भरली. वहिनीला हात लावू दिला नाही. ती दारात उभी राहून माझ्या घड्या पाहत होती आणि जिभेवर आलेलं मोठ्या कष्टानं गिळत होती.

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही अलिबागकडच्या एका किनाऱ्यावर उतरलो. समुद्र बराच आत गेलेला होता आणि मधे ओल्या वाळूचं लांबच लांब सपाट मैदान पसरलं होतं. लहाना म्हणाला, "लय मोठा तलाव." आम्हीही त्याला तलावच समजलो. तलावाचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं, हे आमच्या अंगात मुरलेलं. आम्ही ते मैदान चालून गेलो आणि तालमीसारखी पाण्यापासून दोन हातांवर सतरंजी टाकली. चपला, डबा, थैली रांगेत लावली. वहिनी पाय पसरून बसली.

"लावा घड्याळ," ती म्हणाली.

मी लेकरांना घेऊन बाजूला खड्डा खणायला बसले. लहाना रडला, तो भुकेचा रडला, मी मुर्रा दिला. टॉवेल सापडला. चड्डी सापडली. अर्धा तास मी एकही प्रश्न विचारला नाही आणि मनातल्या मनात स्वतःचा सत्कार करत होते. तेवढ्यात मोठीच्या खड्ड्यात पाणी शिरलं. मागे वळून पाहिलं तर माझी एक चप्पल निघाली होती, डबा तिच्यामागे, आणि मुर्ऱ्याची थैली उलटून मुर्रा लाटेवर पांढराशुभ्र पसरला होता.

"भरती लागलीय ताई, वर सरका!" एक शहाळेवाला लांबून ओरडला.

"वहि..." माझ्या तोंडात आलं. तिथेच दाबलं. दोघांचे हात धरून मी त्यांना कोरड्या वाळूवर नेलं, तिथेच बसवलं, धावत येऊन डबा पकडला. चप्पल गेली. मग सतरंजीकडे पाहिलं.

वहिनीच्या टाचांना पाणी लागलं होतं. तिनं दोन्ही हात मागे टेकले आणि बसल्या बसल्याच सतरंजीसकट हातभर मागे सरकली. पुढची लाट आली, पुन्हा सरकली. उठली नाही. लेकरांना हा खेळ फार आवडला, ती धावत येऊन तिच्या दोन बाजूंना बसली आणि लाट आली की "सरका!" ओरडत ढुंगणावर मागे घसरू लागली. मीही ओला डबा मांडीवर घेऊन ओळीत बसले. शहाळेवाला गिऱ्हाइकं सोडून आमच्याकडे पाहत होता.

असं सरकत सरकत आम्ही अर्धं मैदान मागे आलो. वहिनीचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं, केसांत वाळू होती. ती समोर पाहत होती.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "बाई, झाला का घंटा?"

होऊन वीस मिनिटं उलटली होती.

"घड्याळात पाणी गेलं वाटतं," मी म्हणाले. "बंद पडलं."

तिनं माझ्या मनगटाकडे पाहिलं. सेकंदकाटा व्यवस्थित फिरत होता.

"हाव," वहिनी म्हणाली, "बंदच दिसते." आणि पुढची लाट येताना दिसली तशी ती हात टेकून पुन्हा मागे सरकली.