शिक्का मारलेला साग

रमेशचा फोन आला तेव्हा मी ठाण्याच्या घरी भाजी निवडत होते. रमेश माझा धाकटा भाऊ. कित्येक वर्षं तो माझ्याशी किंवा दादाशी बोललेला नव्हता. एवढंच म्हणाला, “ताय, दादा गेला...” कळंबोलीच्या वजनकाट्यावर, भर दुपारी, कामाच्या खुर्चीतच. काट्यावर चढलेला ट्रकवाला पावतीसाठी हॉर्न वाजवत राहिला होता म्हणे.

मधूदादा आमच्यात थोरला. विचुंब्याची शेती सरकारनं घेतली, मोबदल्याचे पैसे आले, तेव्हा गावात अनेकांनी गाड्या घेतल्या. दादानं रमेशला हाताशी धरून पनवेलबाहेर लाकडाची वखार टाकली, आरायंत्र बसवलं. ब्रह्मदेशचा साग बंदरात उतरायचा, दादाकडे चिरून त्याची दारं व्हायची, आणि ती मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत युरोपात जायची. रमेशचं लग्न, माझी बाळंतपणं, आईचं आजारपण, सगळं त्या वखारीवर निभावलं.

मग युरोपात कायदा आला. चोरून तोडलेलं लाकूड तिथे विकायचं नाही. माल आणणाऱ्यानं तो कुठल्या जंगलातला, हे आधी शोधायचं. पहिल्यांदा दादाच चिडला होता. “आपून काय चोर हाव?” निर्यातदार खरेदीसाठी ब्रह्मदेशात निघाला तेव्हा दादा हट्टानं त्याच्याबरोबर गेला, म्हणाला, एकदा डोळ्यांनी बघून येतो, म्हणजे कोणी विचारायला नको.

तो परत आला तो वेगळाच. ओंडक्यावर हातोड्यानं शिक्का उठवलेला असतो, त्यावरून लाकूड कायद्यातलं ठरतं. तिथल्या एका खाजगी डेपोत दोन माणसं बिनशिक्क्याच्या ओंडक्यांवर खुशाल शिक्के मारत बसलेली त्यानं पाहिली. मग तो भाड्याची जीप करून, दुभाष्याला घेऊन आत डोंगरात गेला. डोंगर भादरल्यासारखा, नुसते बुंधे. गावातल्या एका बाईनं सांगितलं, तोडणाऱ्यांना अडवायला तिचा नवरा गेला, तो परत आलाच नाही... हे आम्हाला सांगताना दादा जेवायला बसला होता. ताटात पाणी सोडून उठला.

त्यानंतर काही दिवसांनी युरोपातल्या गिऱ्हाइकानं पाठवलेली एक बाई चौकशीला वखारीत आली. मी माहेरी होते; इंग्रजी येतं म्हणून दादानं मला मध्ये बसवलं. बाईनं विचारलं, हे लाकूड कायदेशीर तोडलंय अशी तुमची खात्री आहे का? मी मराठीत सांगितलं. रमेश घाईनं म्हणाला, “ताय, ‘हो’ सांग. कागद हायेत सगळे.” दादानं बाहेर रचलेल्या ओंडक्यांकडे पाहिलं. म्हणाला, “नाय. कागद हायेत, पण खात्री नाय. असंच सांग तिला.”

मी तसंच सांगितलं. रमेश उठून गेला.

काम हातचं गेलं, ते तर ठरलेलंच होतं. पण ते काम शेजारच्या वखारीला मिळालं. तिचे ओंडके आमचे आले त्याच जहाजातून उतरलेले, तिचे कागद आमच्यासारखेच. तिच्या मालकानं फक्त ‘हो’ म्हटलं होतं. दादा हेच निर्यातदाराला सांगायला गेला, तर त्याला बाहेर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी साहेब निघून गेले म्हणून सांगितलं. रमेशनं वाटणी मागितली आणि त्याच शेजारच्या वखारीत भागीदार झाला. आमचं आरायंत्र थांबलं, माणसं पांगली. कायदा करणारे तिकडे लांब, लाकूड तोडणारे तिकडे लांब. मोडला तो मधला माझा भाऊ. पस्तावलास का, असं मी एकदाच विचारलं. म्हणाला, “त्या डोंगरातल्या बाईचं तोंड आठवतं गं.” मग वजनकाट्याची नोकरी लागली. लोखंडाचे ट्रक... लाकूड नको म्हणाला.

परवा नवीन पनवेलला वहिनीकडे गेले होते. रमेशही आला होता. दादाच्या खोलीला दार नाही, नुसता पडदा आहे. घर घेतलं तेव्हापासून तसंच. चांगलं लाकूड मिळालं की लावू, असं दादा म्हणायचा. एवढ्या लोकांची दारं केलेल्याच्या घरात पडदा!

रमेश हळूच म्हणाला, “वैनी, दार मी लावून देतो.”

“नको, भावजी,” वहिनी म्हणाली. “ते असताना आलं नाय. आता आत कोण हाय?”

रमेशनं पडदा थोडा बाजूला केला. आत दादाची खाट होती, चादर नीट घातलेली. पडद्याची कड हातात धरून तो तसाच उभा राहिला... आत काही गेला नाही.