कॅरिअरवरचे काका

नेपाळहून नागपुरात आलो तेव्हा मी सातवी नापास होतो आणि रस्ता विचारायचीही मला भीती वाटायची. बेसा भागातल्या एका भोजनालयात स्वयंपाक्याची जागा होती. मालकाने दहाच्या आत बोलावलं होतं, उशीर झाला तर दुसरा माणूस तयारच होता.

पानठेल्यावरच्या एका जाड्या काकांपुढे मी पत्त्याचा कागद धरला. त्यांनी सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात टाकला, कागद वाचला आणि सरळ माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसले. “चाल गा, दाखवतो.”

प्रत्येक चौकात ते कोणाला तरी थांबवून आधी तब्येत विचारत, मग हळूच पत्ता. तिसऱ्या चौकात मी मागे वळून विचारलं.

“काका, तुम्हाला माहीत आहे ना?”

“नाही ना गा. पन तू परदेसी मानूस, तुले नाही कसं म्हनू?”

पोहोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. मालक ओरडायला लागला, तसे काका उतरून पुढे झाले.

“त्याले काहून बोलून राहिले भाऊ? मीच फिरवलं त्याले. मले डबलसीट घेऊन पुलावर चढला, एकदाही उतरा म्हनलं नाही.”

मालकाने काकांच्या पोटाकडे पाहिलं आणि मला ठेवून घेतलं. पहिलं काम दिलं ते काकांना पानठेल्यावर परत सोडायचं. त्यांचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

घरचे फोनवर विचारतात, तिथे एवढं काय आवडतं रे? परवा एका स्कूटरवाल्याने मला पत्ता विचारला. मला माहीत नव्हता. मी त्याच्या मागे बसलो.