एक फुटाची पट्टी

प्लॉटिंगचे नकाशे काढण्यात माझी अर्धी हयात गेली. अजूनही कुणी "रस्ते जरा बारीक करा, दोन प्लॉट जास्त बसतील" म्हणालं की माझं डोकं फिरतं. पण परंड्याबाहेरच्या त्या लेआउटमध्ये रस्त्याची रुंदी नव्हे, त्याचं टोक नडलं.

जमीन दोन जावांची. दोघींचे नवरे वारलेले. वाटणीत वरचा तुकडा थोरलीला आला, खालचा धाकटीला, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. प्लॉट थोरलीच पाडत होती. मी काढलेला मधला रस्ता थेट धाकटीच्या बांधाला भिडत होता. थोरलीनं त्यावर बोट ठेवलं.

"सायेब, ह्यो अलीकडंच थांबवा. बांधाला फूटभर जागा माझ्या नावावर ऱ्हाऊ द्या. माझ्या रस्त्यावर तिचा पाय पडू द्यायचा न्हाय."

ही फूटभर पट्टी आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. कागदावर ती केसाएवढी दिसते, पण मागच्या शेताला कायमचं कोंडून टाकते. धाकटी बांधावरच्या पायवाटेनं ये-जा करायची, दुसरा रस्ताच नव्हता. तिच्या जमिनीचे कधीच प्लॉट पडले नसते. मी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा निमूटपणे पट्टी आखून दिली. त्याची मला आजही लाज वाटते.

आखणीच्या दिवशी लगतच्या शेतकऱ्याला बोलावतात, म्हणजे पुढं बांधावरून तंटा नको. धाकटी आली आणि पदर खोचून बाजूला उभी राहिली. माणसं चुन्याच्या फक्कीनं रेघा मारत खाली आली आणि बांधाच्या फूटभर अलीकडं थांबली. तिनं पाहिलं, समजायचं ते समजली.

"सायेब," ती मला म्हणाली, "पावसाचं पानी कुटं सोडनार?"

सगळा उतार तिच्याकडं. आजवर पाणी शेतात मुरत होतं, आता तिथं रस्ते आणि घरं येणार. गटार पलीकडच्या ओढ्यापर्यंत न्यायला तिच्याच शेतातून वाट हवी होती. प्लॉट बसवायच्या नादात मी शहाणा एवढी साधी गोष्ट विसरलो होतो. ती नाही म्हणाली असती, तर थोरलीच्या प्लॉटची खालची ओळ दर पावसाळ्यात पाण्यात गेली असती.

आखणीला आलेल्या थोरलीच्याही ते ध्यानात आलं. ती मान खाली घालून उभी राहिली.

"येऊ द्या माझ्याकडनं," धाकटी आता थेट जावेला म्हणाली. "म्या न्हाय अडवनार. बाई, पानी काय तुमचं-माझं बघून वाहतंय व्हय?"

पट्टीचा तिनं शब्दही काढला नाही. मला वाटलं होतं, हा मोका साधून ती आधी रस्ता मागेल.

थोरलीनं गड्याच्या हातातलं फक्कीचं घमेलं घेतलं. मुठीमुठीनं तिनं रस्त्याची रेघ स्वतःच पुढं ओढली. पट्टीवरून, बांधावरून, जावेच्या शेतात. मग घमेलं जावेपुढं धरलं.

"हितनं पुढं तू सांग गं, कुटं न्यायचा."