आत्याला सांगितलेला शेवट

कथा रडवून उठवायची नाही, हा आमच्या घरचा कायदा. पणजोबा हरिकथा करत. हरिश्चंद्र स्मशानात उभा असला की कितीही उशीर होवो, ते थांबत नसत. त्याला राज्य परत मिळवून देत, मंगळ, म्हणजे शेवटचं शुभ गाणं, म्हणत आणि मगच लोकांना घरी सोडत. पुढे हरिकथा गेली, कायदा तेवढा राहिला. कुंभकोणमात राहून बाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत जुनी तंजावरी मराठी बोलणारे आम्ही; आम्हाला जुनं काही टाकवत नाही. या कायद्यामागे लपून मी एका माणसाचं वाईट केलं.

पन्नासच्या दशकात मी इथल्या कॉलेजात नुकताच शिकवायला लागलो होतो. आमच्या इंग्रजीच्या प्राध्यापकांना परदेशी सिनेमाचं वेड. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी ते थिएटर मागून घेत, मद्रासहून रेल्वेने रिळांचे डबे आणवत आणि आम्हा वीस-पंचवीस जणांना जपान, इटली, पोलंड, मिळेल ते दाखवत. खालची इंग्रजी अक्षरं पांढरी. पडद्यावर बर्फ आलं की तीही गुडुप. मशीनवाला आम्हाला वेड्यात काढी. ज्या पडमात, म्हणजे सिनेमात, एकही गाणं नाही ते अजून पुरतं झालेलंच नाही, असं त्याचं मत.

घरी आत्या वाट पाहत असे. वडिलांची ही धाकटी बहीण अकराव्या वर्षी विधवा झालेली, त्या दिवसांत अडतिसाची होती. तिने थिएटरात जावं असं कुणाच्या मनात येत नसे. माझ्याही नाही, हे कबूल करतो. ती माजघरात केळफूल निवडायला बसे. एकेका फुलातला कडक दांडा काढायचा, फूल ताकात टाकायचं. चांगलं तासाभराचं काम. तेवढ्यात मी अख्खा सिनेमा सांगून टाकी.

"त्या बाईच्या चुलीवर काय शिजत होतें?" ती विचारी. मी पाहिलेलंच नसे. "मग काय पाहिलास रे तूं?" पुढच्या वेळी मी चूल पाहून येई, तर ती विचारी, नवरा बोलत होता तेव्हा बायकोचे हात काय करत होते? प्राध्यापक सावल्या आणि उजेड यांवर तास तास बोलत. पण सिनेमा पाहायला मला शिकवलं ते एकही सिनेमा न पाहिलेल्या बाईने.

"मंगळ झालें कां?" हा तिचा शेवटचा प्रश्न. तिकडच्या लोकांना मंगळाचं वावडं असावं. म्हणून शेवट मी घरी येताना वाटेतच दुरुस्त करत असे. हरवलेलं मूल सापडे, फाशीची माफी वेळेवर पोचे. कुणाचं काय बिघडत होतं?

मग तंजावरच्या एका नातलगाचं पत्र आलं. मुलींच्या वसतिगृहात देखरेखीला बाई हवी होती. राहणं तिथेच, शिवाय संध्याकाळी मुलींना अभंग शिकवायचे. वय चाळिशीच्या आत हवं. वडिलांनी पत्र कोनाड्यात ठेवलं आणि म्हणाले, "तुझें तूं ठरव." आठवडाभर ते पत्र तिथेच होतं. येता-जाता ती त्याच्यावरची धूळ पुसत असे.

त्याच आठवड्यातल्या रविवारी जो सिनेमा लागला तो उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातला होता. दिराच्या घरी जाळी दुरुस्त करत राहणारी एक विधवा. शेवटी ती हातातली सुई जाळ्यात खोचून ठेवते, एक गाठोडं उचलते आणि पलीकडे जाणाऱ्या होडीत बसते. होडी लहान होत जाते, ती वळून पाहत नाही. बस्स, संपलं.

आत्याने त्या दिवशी चूल विचारली नाही. "मग ती गेली कां?" एवढंच विचारलं. तिचे हात ताकात थांबले होते. बाहेर झोपाळ्यावर वडील होते आणि झोपाळ्याची कुरकुरही थांबली होती.

"गेली," मी म्हणालो, "पण अर्ध्या वाटेतनं परत आली. दीर घ्यायला आला होता काठावर."

"बरें झालें," ती म्हणाली आणि पुढचं फूल उचललं. दुसऱ्या दिवशी तिने वडिलांना नकार सांगितला.

नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं. कायदाच तसा, वडील ऐकत होते, एका सिनेमावर का कोण आयुष्य ठरवतं. सगळं खोटं. ती गेली असती तर रविवारी माझं ऐकायला कोण बसलं असतं, हे माझ्या मनात आलं होतं. आपल्या पोळीवर तूप ओढणं म्हणतात ते हेच.

तीन वर्षांनी प्राध्यापकांची बदली झाली आणि रविवारचे खेळ बंद पडले. आत्याची चाळिशी उलटली होती. एका दुपारी ती केळफूल निवडत होती, सांगायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि ते ओझं मला पेलेना.

"आत्या, ती होडीतली बाई परत आली नव्हती."

तिने मान वर केली. राग दिसला असता तर बरं वाटलं असतं.

"मग तिचें पुढें काय झालें?"

"ठाऊक नाही. ती गेली, तिथेच संपलं."

तिने हातातला दांडा बाजूला टाकला, फूल ताकात सोडलं.

"तेवढेंच सांगायचें होतेंस रे," ती म्हणाली. "पुढचें मी पाहिलें असतें."