खोट्या निरोपाचं शूटिंग

चोपड्यापासून धुळ्यापर्यंत, तापीच्या दोन्ही काठांवर, माझ्या आतेभावाइतका संताप आणणारा माणूस जन्माला आलेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. मी शाळामास्तर आहे, तेव्हा संतापाच्या बाबतीत माझा अनुभव कमी नाही. पण इतरांचा राग येतो आणि जेवणं होईपर्यंत उतरतो. आतेभावाचा राग माझ्या अंगात कायमचा राहायला आला. आज त्याच्याविषयी चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसलोय, तरी पेन कागदात रुततंय.

तो जळगावला लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा. त्या काळी हा धंदा नवा होता आणि खांद्यावर कॅमेरा घेतलेल्या माणसाला नवरदेवाच्या खालोखाल मान असे. आतेभाऊ तो मान नवरदेवाच्या वरचा समजे. जळगावच्या मे महिन्यात, जिथे माणसं बनियनसुद्धा नाइलाजानं घालतात, तिथे हा खिसेच खिसे असलेलं जाकीट घालून, कमरेला बॅटरीचा पट्टा बांधून हिंडायचा. बोदवडच्या एका लग्नात सप्तपदीवर उजेड बरोबर पडला नाही म्हणून त्यानं भटजींना ती पुन्हा घ्यायला लावली. भटजी म्हणाले, अग्नीच्या साक्षीनं एकदाच होते. हा म्हणाला, तुमचा अग्नी फार धूर करतो, आधी तो फुंका. नवरदेवाला त्यानं घोड्यावरून इतक्या वेळा उतरवून चढवलं, की शेवटी घोडाच कंटाळून निघून गेला. मग नवरीचा मामा हात उगारून अंगावर आला, तेव्हा हा शांतपणे म्हणाला, "हात तसाच ठेवा," आणि त्याचंही शूटिंग केलं. पुढे कॅसेट पाहताना त्या घरच्यांना मामा आशीर्वाद देतोय असं वाटलं आणि तोच भाग सगळ्यांना जास्त आवडला. असल्या माणसाला अद्दल घडणार कशी?

घरीही तेच. आत्या, म्हणजे आमची अक्का, त्याला रागावायला लागली की तो म्हणे, "अक्का, खिडकीकडे तोंड कर अन मग बोल, चेहऱ्यावर अंधार येतोय." मी कॉलेजला जळगावात त्याच्या खोलीवर राहायला होतो. सकाळी मला उठवायला त्यानं कधी हाक मारली नाही. तोंडावर हॅलोजन लावायचा. मी बी.एस्सी.ला होतो, मला अभ्यास असे, आणि हा माझ्या टेबलावर कॅमेऱ्याची लेन्स पुसत बसून मला सांगायचा की तुझ्या नाकाची ठेवण डाव्या बाजूनं बरी आहे. माझे हात शिवशिवायचे. पण परीक्षेच्या दिवसांत सकाळी डबा तोच भरून ठेवायचा, म्हणून मी गप्प बसे.

पुढे त्याला इंग्रजी भुताच्या पिक्चरांचं वेड लागलं. व्हिडिओ लायब्ररीतून तो कॅसेटी आणायचा. सगळ्यांत गोष्ट एकच. कॉलेजची गोरी पोरं-पोरी मरणाच्या हातून निसटतात, मग मरण त्यांना शोधत हिंडतं. कोणी कपाटात लपतं, कोणी गाडी पळवतं, आणि शेवटी मरण एकेकाला गाठतंच. बाकीचं जग असले पिक्चर पाहून घाबरतं. आतेभाऊ चिडायचा. त्याचं म्हणणं, ह्या पोरांच्या घरात कोणी मोठं माणूस नाही का? साधा खोटा निरोप धाडला असता तर बठ्ठी, म्हणजे सगळीच, वाचली असती.

हा खोटा निरोप म्हणजे काय, ते सांगतो. आमच्याकडे कुणाच्या डोक्यावर कावळा बसला, की त्याच्यावर मरण आलं असं धरतात. त्यावर उपाय म्हणून लांबच्या नातेवाइकांकडे तो माणूस गेल्याचा खोटा निरोप धाडायचा. ते खरं समजून रडले, की मरणाची फसगत होते. इथे रडणं झालं, म्हणजे काम झालं असं समजून ते परत जातं. रडणं सुरू झालं रे झालं, की मागोमाग दुसरा निरोप द्यायचा, की सगळं ठीक आहे, चहा टाका. मात्र रडण्याच्या आधी सांगायचं नाही, नाहीतर उपाय फुकट जातो. शिकलेली माणसं याला हसतात. मीही हसत होतो.

आतेभावानं ठरवलं की यावर आपण खानदेशी भुताचा पिक्चर काढायचा. कॉलेजची पोरं, त्यांच्या मागे लागलेलं मरण आणि त्याला फसवायला खोटे निरोप. हीरो मी, कारण मी फुकट राहत होतो. कथा तो रोज लिहायचा आणि रोज खोडायचा. पहिल्यांदा बुटक्या पोराला मारायचं ठरलं, मग त्याला त्याची दया आली. मग चष्मेवाल्याला मारायचं ठरलं, तर म्हणाला त्याची आई विधवा दाखवलीय, कसं मारू? शेवटी एके दिवशी वही मिटून त्यानं जाहीर केलं, "आपला पिक्चरमा कोणीच मरस नही." मी म्हणालो, मग भुताचा पिक्चर पाहायला लोक कशाला येतील? तर म्हणे, सगळे वाचले हे पाहायला येतील. अशा माणसाशी काय बोलणार?

कावळ्याच्या सीनसाठी त्यानं माझ्या डोक्यावर कळण्याच्या भाकरीचे तुकडे ठेवून मला उन्हात बसवलं. कावळे समोरच्या भिंतीवर बसून माझी मजा पाहायचे. एकदा शेव ठेवली, तर मुंग्या आल्या. चिमण्या आल्या, एक मांजर आलं, कावळा म्हणून आला नाही. आणि मग एके दुपारी कॅमेरा बंद करून आम्ही निंबाखाली जेवत असताना, डोक्यावर काही नसताना, एक कावळा सरळ येऊन माझ्या डोक्यावर बसला. त्याच्या नख्या लागल्या मला. मी हसत ओरडलो की कॅमेरा चालू कर. आतेभावाचा घास हातातच राहिला होता. त्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात धुतले आणि म्हणाला, आज बस. मला वाटलं, शॉट हुकला म्हणून त्याचं तोंड उतरलं असेल.

 मग रविवारी मला म्हणाला, चल तुझ्या गावी, प्रेताचा सीन घेऊ. आमचं गाव चोपड्याजवळ, घरामागे थोड्या अंतरावर केळीचं शेत. तिथे त्यानं माझ्या तोंडाला पावडर फासली, नाकात कापूस घातला, अंगावर पांढरं कापड टाकलं आणि पायाचे अंगठे सुतळीनं बांधले. म्हणाला, असाच पडून राहा, मी घरून आरसा आणतो, उजेड कमी पडतोय. मी केळीच्या सावलीत पडून राहिलो. भूक लागली म्हणून कापूस नाकात ठेवूनच एक केळं खाल्लं.

घरी काय झालं ते मला शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं. माझी आई अंगणात खाटेवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होती. आतेभाऊ समोर उभा राहिला, खांद्यावर कॅमेरा, डोळा कॅमेऱ्याला लावलेला. आणि तशाच अवस्थेत, तोंड न दाखवता, त्यानं तिला सांगितलं की मी गेलो. माझ्या आईला. हे लिहितानासुद्धा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आई रडली नाही. हातातली बिबडी तिनं नीट खाटेवरच्या कापडावर पसरली, हात पदराला पुसले आणि विचारलं, "मना पोऱ्या कथा शे?" माझा पोरगा कुठे, एवढंच. त्यानं शेताकडे बोट दाखवलं. ती निघाली. पायात चप्पल नाही, भर दुपारचं ऊन, फुफाटा तापलेला. तिच्या मागे आतेभाऊ, कॅमेरा खांद्यावर तसाच. काकू म्हणाल्या, त्याला घाम सुटला होता आणि तो मागून सारखा विनवत होता, "रडी ले मामी, एकदाव रडी ले." ती वळूनसुद्धा पाहत नव्हती. आता या गाढवाला खरं सांगता येईना, कारण रडण्याच्या आधी सांगायचं नाही. आणि ती काही रडेना. असा तो सगळा रस्ता तिच्या मागे मागे चालत राहिला.

मी बांधावर आईला पाहिलं आणि दचकून उठलो. उठलो म्हणजे काय, अंगठे बांधलेले, त्यामुळे पांढऱ्या कापडात गुंडाळलेला मी नाकात कापूस घेऊन तिच्याकडे उड्या मारत निघालो आणि तोंडावर आपटलो. दुसरी कोणी बाई असती तर तिनं तिथेच प्राण सोडला असता. आई जवळ आली, खाली बसली, माझ्या नाकातला कापूस काढला, आणि काढल्यावर अशी एक थोबाडीत दिली की माझ्या कानात गुणगुण सुरू झाली. मग बांधावर बसून ती रडली. मी तिला तसं रडताना कधी पाहिलं नव्हतं. आणि तो मूर्ख कॅमेरा खाली ठेवून, स्वतः डोळे पुसत, खुशाल म्हणत होता, "रडनी. मामी रडनी."

मी सुतळी तोडली आणि त्याचं जाकीट धरलं. मी म्हणालो, कॅसेट काढ. माझ्या आईचं रडणं तू लग्नाच्या गाण्यासारखं लोकांना दाखवणार असशील, तर आज तुलाच इथे पुरतो. त्यानं निमूटपणे कॅमेरा उघडला. आत कॅसेट नव्हती. मी त्याची बॅग उपडी केली. सगळ्या कॅसेटी कोऱ्या, वरचा कागदसुद्धा न काढलेल्या.

"मामीकडे बघून बोलता आलं नसतं रे," तो म्हणाला. "म्हनून कॅमेरा डोळ्याला लावला. तुझ्या डोक्यावर कावळा बसला ना भो."

माझा राग कमी व्हायला हवा होता, तो दुप्पट झाला. हा बॅटरीचा पट्टा बांधणारा, इंग्रजी पिक्चर पाहणारा माणूस कावळ्याला भितो, आणि त्यासाठी माझ्या आईला जिवंतपणी मारतो? मी त्याला वाटेल ते बोललो. आईनं मला गप्प केलं आणि ती त्याच्यावर घसरली. मला वाटलं, आता बरोबर वाट लागणार याची. पण तिचा राग वेगळाच होता. ती म्हणाली, कावळा बसला तर मला आधी का नाही सांगितलंस? असला निरोप आईला देतात का? तो पोराच्या मामाच्या घरी, माझ्या माहेरी धाडायचा असतो. आणि मला पोरगा दिसल्यावर मी रडले, ते रडणं काय कामाचं? तू सगळा उपाय वाया घालवलास.

त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. कामाचं नाही हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. आईनं त्याला तसाच धुळ्याच्या गाडीत बसवला. तिथे माझ्या मामांच्या दारात तो इतका रडला म्हणे, की निरोप सांगायच्या आधीच घरातल्या बायका रडायला लागल्या. सगळं रीतसर पार पडलं. दुसऱ्या दिवशी मामांचं अख्खं घर चिडून आमच्याकडे आलं, भरीत-भाकरी जेवलं आणि मला हात लावून लावून पाहून गेलं. मी मात्र जळगावला परतल्यावर त्याची खोली सोडली आणि पुष्कळ दिवस त्याच्याशी बोललो नाही. पिक्चर तिथेच राहिला. तो कॉलेजच्या समोर लूनावर बसून मी रस्ता नीट ओलांडतो का ते पाहायचा. मी पाहिलं न पाहिल्यासारखं करायचो. वर्गातली पोरं विचारायची, कोण रे हा जाकीटवाला? मला इतकी लाज वाटायची की मी सांगायचो, माहीत नाही.

पुढे बोलणं सुरू झालं, पण माझ्याकडून ते भांडणाच्या सुरातच असे. मला धुळ्याला शाळेत नोकरी लागली. माझ्या लग्नाचं शूटिंग त्यानं केलं आणि माझ्या डाव्या नाकपुडीपलीकडे काही घेतलं नाही. एका उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. लग्नाचा सीझन होता, त्यानं ती अंगावर काढली. डॉक्टरकडे जा म्हणून मी फोनवर ओरडलो, तर म्हणाला, एवढी लग्नाची तिथ उरकू दे. सगळ्या जगाला मरणापासून वाचवायला निघालेला हा माणूस स्वतःसाठी दवाखान्यात जाईना.

तो गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेत जायला निघालो होतो. अक्काच्या शेजारचा माणूस जळगावहून आला होता. मी आधी त्याच्यावरच चिडलो. विचारलं, कोणाच्या डोक्यावर कावळा बसला? त्याला काही कळलं नाही. मग माझ्या मनात आलं, की निरोप धुळ्याला आलाय, लांबच्या नातेवाइकाकडे, अगदी रीतीप्रमाणे. म्हणून मी एकदम मोठ्यानं रडायला सुरुवात केली. बायको धावत आली, आजूबाजूची माणसं जमली. मी त्या माणसाच्या तोंडाकडे पाहत रडत होतो. आता इतकं रडून झालंय, आता सांग म्हणावं, सगळं ठीक आहे. तो बिचारा खाली मान घालून उभा राहिला. बायकोनं त्याला बसायला खुर्ची दिली, आणि मी दाराकडे पाहत आणखी थोडा वेळ रडलो.